बीफ नूडलच्या दुकानाचा रिव्ह्यू, बीफ नूडल एकदाही न खाता

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. ज्या दुकानाबद्दल लिहितेय ते बीफ नूडलचं दुकान आहे, भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो त्याचाच आहे, आणि मी तिथे एकूण अडीच वर्षं जेवले, परीक्षेच्या दिवसांत तर दोन्ही वेळा, पण ते बीफ नूडल एकदाही तोंडात घातलं नाही. म्हणजे मिसळीच्या हॉटेलात रोज जाऊन इडली खाणाऱ्यानं मिसळीवर मत द्यावं तसंच झालं हे. चालवून घ्या. मिसळीचं, म्हणजे बीफ नूडलचं, मत माझ्या रूममेटचं आहे, ती मालेगावची, तिला काही अडचण नव्हती, ते पुढे येईलच.

तर जागा नानजिंग. मी बार्शीची, २०१८ ला एमबीबीएससाठी तिकडे गेले. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरजपण नाही. कॉलेजचं मागचं गेट, त्याच्या बाहेर पडलं की उजव्या हाताला झेरॉक्सवाला, मग फळवाला, मग हिरवी पाटी. पाटीवर 'लान्झौ लामियेन', म्हणजे लान्झौचे हाताने ओढलेले नूडल. दुकानाला वेगळं असं नाव नाहीच. चीनमध्ये कुठल्याही गावात, कुठल्याही कॉलेजच्या मागे, स्टेशनच्या समोर ही पाटी असते, आपल्याकडे हायवेला दर दोन किलोमीटरला 'शुद्ध शाकाहारी' असतं तशी. साखळी-बिखळी काही नाही, प्रत्येक दुकान वेगळ्या घरचं. आणि गंमत म्हणजे लान्झौच्या माणसांचा या दुकानांशी फारसा संबंधच नसतो. लान्झौ हे गान्सू प्रांतातलं शहर, पण ही दुकानं चालवतात ती बहुतेक शेजारच्या छिंगहाई प्रांतातल्या ह्वालोंग नावाच्या तालुक्यातली माणसं, ह्वी मुसलमान. आमच्या लॅबमध्ये एक गान्सूची मुलगी होती, ती तर चिडायचीच या पाटीवर. म्हणायची आमच्या लान्झौमध्ये लामियेन कुणी म्हणत नाही, नुसतं 'न्यूरोउमियेन', म्हणजे बीफ नूडल, म्हणतात, सकाळी सकाळी नाष्ट्याला खातात, आणि या बाहेरच्या दुकानातलं ते खरं नव्हेच. मी म्हटलं अगं आमच्याकडे व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी आहे, ती पण कोल्हापूर सोडून सगळीकडे मिळते. तिला काही कळलं नाही पण मला बरं वाटलं.

आता मी तिथे पोचले कशी ते सांगते कारण त्याशिवाय रेटिंगचा अर्थ लागणार नाही. आमच्या घरी आजी माळकरी. पंढरपूर काय लांब नाही आमच्यापासून. आईबाबा अंडं खातात, मी हॉस्टेलला गेल्यावर चिकनपण खायला लागले, पण बीफ आणि पोर्क नाही, ते आपल्याला जमतच नाही, कुणाला नाव ठेवायचं म्हणून नाही, घशाखाली उतरत नाही एवढंच. आणि नानजिंग म्हणजे बदकांचं शहर. मिठातलं बदक, बदकाच्या रक्ताचं शेवयांचं सूप, दुकानाच्या काचेत ओळीनं टांगलेली बदकं. बदक नसेल तर पोर्क. कॅन्टीनला शितांग म्हणतात, तिथे वाढपाच्या पलीकडे वीस-पंचवीस भाज्या मांडलेल्या असायच्या, दिसायला एक नंबर, वांग्याची भाजी तर अगदी आपल्या घरची वाटावी अशी चकचकीत, ताटात घेऊन बसलं की आत बारीक खिमा. फरसबीत खिमा. टोफूत पण खिमा. पहिला महिना मी भात, वाफवलेला पाव आणि केळी यावर काढला, पाच किलो उतरले. आजी फोनवर रोज विचारायची काय खाल्लंस, मी म्हणायचे भात आणि भाजी.

हॉस्टेलला स्वयंपाक करायला बंदी. तरी सगळे करतात. आमच्याकडे खाली गेटवर एक बाई असायच्या, हॉस्टेल सांभाळणाऱ्या, त्यांना सगळे 'आयी' म्हणायचे. चिनीत आयी म्हणजे मावशी, काकू, पण पहिल्याच दिवशी घर सोडून आलेल्या मराठी पोरीच्या कानावर सारखं आयी आयी पडतंय म्हणजे काय होत असेल विचार करा. तर त्या आयींनी तिसऱ्या मजल्यावरून आमच्या कुकरची शिट्टी ऐकली. वरणाला लावला होता. धावत आल्या, सोबत सिक्युरिटीवाला, त्यांना वाटलं काहीतरी फुटलं. कुकर आणि इंडक्शन दोन्ही जप्त. ते वर्षाच्या शेवटी परत मिळाले, डाळीसकट. म्हणजे कुकर न उघडताच ठेवला होता कुणीतरी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी एक सिनियर दादा, नांदेडचा, आम्हा दोघीतिघींना मागच्या गेटला घेऊन गेला. म्हणाला, चला, इथं पोर्कचं नावपण निघत नाही, एवढं तरी टेन्शन गेलं. पाटीवर 'छिंगचन' अशी दोन अक्षरं असतात, म्हणजे हलाल, तेवढी ओळखायला शिक. दोनच अक्षरं, पण माझ्या शिकलेल्या पहिल्या दहा अक्षरांत ती होती, 'बाहेर' आणि 'महिला' यांच्याही आधी.

दुकान म्हणजे केवढं, सहा टेबलं. प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा दाराला. भिंतीवर पदार्थांचे फोटो, ऊन लागून लागून निळे पडलेले, त्यामुळे सगळंच बुरशी आल्यासारखं दिसतं, पण चव तशी नाही. खुर्च्या जमिनीलाच जोडलेल्या, जाड माणूस बसू शकत नाही. दारू मिळत नाही आणि बाहेरून आणून प्यायचीपण नाही, तशी पाटी आहे. टेबलावर काळा व्हिनेगर, जो नानजिंगच्या शेजारच्या झेनजियांगचा, त्या भागात घरोघरी तोच असतो. एका डब्यात लाल तिखट तेल, एका वाटीत कच्च्या लसणाच्या पाकळ्या. लोक नूडलचा घास घेतात आणि वर लसूण कचकन चावतात. हे बघून मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं ना. आपल्याकडे कांदा फोडतात तसंच.

पहिल्या दिवशी दादानं मागवलं ते 'तुदोउस गाइफान'. तुदोउस म्हणजे बटाट्याचे काडीसारखे लांब बारीक काप, तिखट-आंबट परतलेले, आणि गाइफान म्हणजे ताटलीत भात आणि त्याच्यावर ती भाजी ओतून देतात. मी पहिला घास घेतला आणि ताट परत पाठवलं. बटाटा कच्चा! करकरत होता. मला वाटलं घाईघाईत अर्धवट शिजवलाय. मालकानं ताट आत नेलं, दोन मिनिटांनी आणून दिलं, परत तसाच करकरीत. मी परत पाठवणार तेवढ्यात दादा हसून हसून टेबलावर पडला. तो तसाच असतो. काप पाण्यात धुऊन त्यातला स्टार्च काढतात आणि मोठ्या आचेवर मिनिटभर परतून लगेच उतरवतात, मऊ झाला तर तो आचाऱ्याचा दोष. आपण जन्मभर बटाटा मऊ शिजवून खाल्लेली माणसं, आपल्याला दोन आठवडे लागतात. आता मला बार्शीत आईची बटाट्याची भाजी गिळगिळीत लागते, हे तिला सांगितलेलं नाही. तर हा पदार्थ पाचपैकी पाच. २०१८ ला १२ युआन, तेव्हा एक युआन म्हणजे साधारण दहा-साडेदहा रुपये. वाळक्या लाल मिरच्या, लसूण, व्हिनेगर, थोडी ढोबळी मिरची. भात हवा तेवढा, परत मागितला तर पैसे नाहीत.

दुसरा माझा कायमचा पदार्थ 'शीहोंगशी जीदान गाइफान', टोमॅटो-अंडं आणि भात. हे चीनमध्ये प्रत्येक घरात होतं, लहान मुलं पहिलं हेच बनवायला शिकतात म्हणे. पण त्यात साखर घालतात. म्हणजे आपली अंडा भुर्जी चुकून शिऱ्याच्या कढईत पडावी तशी चव. आणि या भाताबरोबर ते लोक एक छोटी वाटी रस्सा फुकट देतात, कोथिंबीर घातलेला, दिसायला निर्मळ पाण्यासारखा, पण तो बीफच्या हाडांचाच. मला तो नको असायचा. वाया जायचा म्हणून वाईट वाटायचं, म्हणून मी पाठ करून गेले, 'पु याओ थांग', रस्सा नको. आता चिनी भाषेत थांग एका सुरात म्हटलं तर रस्सा आणि आवाज खालून वर नेला तर साखर. मी अर्थातच वर नेला, प्रश्न विचारल्यासारखा, आपण अनोळखी ठिकाणी बोलतो तसा. मालक बरं म्हणाला. आणि टोमॅटो-अंडं आलं ते बिनसाखरेचं, सोबत रस्सा आहेच! खाऊन बघते तर काय, आंबट, खारट, मिरपुडीचा हलका वास, अंड्याचे मोठे मोठे लुसलुशीत तुकडे. तेव्हापासून मी मुद्दाम चुकीचंच बोलायचे. म्हणजे नंतर कळलं की ते चुकीचं राहिलंच नाही, मला खरंच साखर नको होती. रस्सा रूममेट प्यायची.

आता रूममेटचं मत. ती बीफ नूडलच खायची, मोठा वाडगा १० युआन, लहान ८. तिच्या म्हणण्यानुसार नूडल पाचपैकी पाच, रस्सा साडेतीन, आणि बीफ म्हणाल तर एक. कारण बीफचे काप इतके पातळ की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल, आणि मोजून चार. ही तक्रार एकट्या तिची नाही, या दुकानांतले बीफचे काप हा पूर्ण चीनमध्ये जोकचा विषय आहे, आमच्या वर्गातली चिनी मुलंपण म्हणायची की आचारी बीफ कापत नाही, नुसती सुरी दाखवतो. गान्सूच्या मुलीनं सांगितलं होतं की खऱ्या वाडग्यात पाच गोष्टी तपासायच्या. रस्सा निर्मळ पाहिजे, मुळ्याचे काप पांढरे, तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, आणि नूडल पिवळसर. रूममेट रोज वाडगा आला की बोटांवर मोजून तपासायची. इथे मुळा कधी असायचा कधी नाही. तेल लाल भरपूर.

त्या लाल तेलाबद्दल एक वेगळं वाक्य लिहायलाच पाहिजे. दिसतं मिसळीच्या कटासारखं, वर तीळ तरंगतायत, बघून तोंडाला पाणी सुटतं, आणि तिखट म्हणाल तर शून्य. वास छान खमंग येतो पण जिभेला काहीच होत नाही. मालक मला सावध करायचा, 'ला! ला!' म्हणजे तिखट आहे, सांभाळ. मी चार चमचे घालायचे. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे तेल म्हणजे फोडणीच्या आधीची पायरी.

पण या दुकानात खरं बघण्यासारखं जे आहे ते खाण्याच्याही आधीचं. दाराच्या काचेला लागूनच ओटा आहे आणि तिथे मालकाचा मेहुणा नूडल ओढतो. बारीक अंगाचा, पांढरी टोपी, आणि दंड बघाल तर पैलवानासारखे. एका वाडग्याचा गोळा घेतो, लांब करतो, दोन्ही टोकं धरून ओट्यावर आपटतो, फाट, मग दुमडतो, मधे बोट घालतो, परत ओढतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, आठ वेळा दुमडलं की २५६ तारा. मध्येच सुकं पीठ मारतो म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग हातातलं जाड टोक तोडून परत कणकेत टाकतो आणि बाकीचं सगळं लांबूनच मागच्या उकळत्या हंड्यात फेकतो. नेम चुकलेला मी बघितला नाही. जाडीची नावं आहेत, सांगाल तशी काढून देतो, केसासारखी पातळ ती माओशी, मधली अरशी, लसणाच्या पातीसारखी चपटी जिउये, आणि दाख्वान म्हणजे कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद. हे सगळं साधारण एका मिनिटात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दहा मिनिटं काचेपाशी उभी राहिले, कारण हे मी आधी बघितलं होतं. आमची आजी उन्हाळ्यात हातावरच्या शेवया करायची. गव्हाचा रवा भिजवून, तेलाच्या हातानं मळून, ओढायची, दुमडायची, परत ओढायची, आणि मग काठीवर वाळत टाकायची. हिशोब तोच, दोनाचे चार, चाराचे आठ. फक्त आजी बसून करायची आणि आपटत नव्हती. मी व्हिडिओ काढून पाठवला तर आजीनं तीन वेळा बघितला आणि म्हणाली, कणकेत काय घालतो ते विचार, नुसत्या पाण्याची कणीक एवढी ताणत नाही. मी विचारलं. मला सांगता येईना आणि त्याला सांगता येईना, शेवटी त्यानं पुडी दाखवली. पूर्वी तिकडे वाळवंटातलं एक झुडूप जाळून त्याची राख वापरायचे, पंगह्वी म्हणतात, आता तयार पावडर मिळते. म्हणजे क्षारच. त्यानंच कणीक ताणली जाते आणि पिवळी पडते. आजीला सांगितलं, ती म्हणाली, हां, मग पापडखारच की! आपला पापडखारपण पूर्वी खारट जमिनीतली झुडपं जाळूनच करायचे, हे मी नंतर वाचलं. आजीला वाचायची गरज पडली नाही.

मला ते नूडल खायचे असतील तर रस्सा नसलेले, परतून, अंडं घालून, रोउ, म्हणजे मांस, नको असं दोनदा सांगून. इथे एक सूचना देते, कडक शाकाहारी असाल तर या दुकानाच्या नादी लागू नका. कढई एकच आहे. मागच्या माणसाचं बीफ झालं की पाण्यानं खळखळून पुसतात आणि पुढचं टाकतात. एकदा माझ्या फ्राइड राइसमध्ये बीफचा तुकडा निघालाच, नखाएवढा. मी तसाच बाजूला ठेवला आणि उरलेलं खाल्लं नाही, मालकीणबाईंनी ते बघितलं, काही न बोलता ताट उचललं आणि नवं करून आणलं, पैसे घेतले नाहीत. सॉरी वगैरे नाही. त्या तशा बोलतच नाहीत फार, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्याशी त्या 'काय खाणार' आणि 'इथे की पार्सल' एवढंच बोलल्या. पण ते झाल्यानंतर मी दारातून आत आले की त्या आत ओरडून सांगायच्या, कढई धू. हे मला चार महिन्यांनी समजलं, चिनी जरा यायला लागल्यावर.

चिनी मला शिकवली ती कॉलेजनं नाही. कॉलेजनं पुस्तक दिलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर हॉस्पिटलला पेशंटशी बोलावं लागतं म्हणून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी पास व्हावी लागते, ती माझी झाली ती कोपऱ्यातल्या टेबलामुळे. तिथे मालकाचा मुलगा गृहपाठ करत बसायचा, असेल अकरा-बारा वर्षांचा. एकेक अक्षर वहीच्या चौकटीत दहा-दहा वेळा. मी जेवता जेवता त्याच्या वहीत बघून गिरवायचे आणि तो माझे उच्चार ऐकून खिदळायचा. एकदा मी नूडल मागितले तर म्हणाला, ताई तू कापूस मागतेयस. मियेन वरून खाली आपटायचं, ओट्यावर कणीक आपटतात तसं. त्यानं हाताने आपटून दाखवलं. असलं कुठल्या पुस्तकात असतं सांगा. इंग्रजी मी त्याला शिकवायचे, ते त्याला अजिबात नको असायचं. त्याला म्हणे मोठ्या शाळेसाठी छिंगहाईला परत जावं लागणार होतं, कारण नाव तिकडच्या हुकोउमध्ये, म्हणजे सरकारी रहिवासी नोंदीत, आहे आणि पुढच्या परीक्षा जिथलं नाव तिथेच द्यायच्या. आईबाप इकडे, पोरगा तिकडे आजीकडे. आपल्याकडचे ऊसतोड कामगार आठवले.

एकदा मी शेंगाचटणी घेऊन गेले. घरून डबा आला होता. गाइफानवर घातली, तर मेहुणा ओट्यावरून वास घेत आला. मी अर्धा चमचा दिला. त्यानं हातावर घेतली, चाटली, थांबला. मग म्हणाला, 'श्यांग', म्हणजे खमंग. मग दहा सेकंदांनी तिखट चढलं. पाणी पितोय, टोपी काढतोय, पोरगं टाळ्या वाजवतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी म्हणून वेगळ्या बरणीत नुसत्या कुटलेल्या मिरच्यांचं तेल काढून ठेवलं होतं. तिखटाच्या बाबतीत तेही पाचपैकी एकच, पण मी म्हटलं हो हो, ला, फार ला.

पैसे द्यायची पद्धत. सुरुवातीला माझं तिकडे बँक अकाऊंट नव्हतं म्हणून मी रोख द्यायचे. शंभरची नोट दिली की मालक ती उजेडात धरून बघायचा आणि मग सुट्टे शोधायला फळवाल्याकडे जायचा, मागे रांग. अकाऊंट उघडल्यावर वीचॅट. टेबलाला चिकटवलेला कोड, स्कॅन केलं की कोपऱ्यातला डबा बायकी आवाजात मोठ्यानं ओरडतो, अमुक युआन जमा झाले. मला तेव्हा हे भारी अप्रूप होतं, बार्शीत सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. नंतर घरी आले तर कोपऱ्यावरच्या पानटपरीवर तसाच डबा ओरडतोय.

हो, नंतर घरी आले. जानेवारी २०२० ला चिनी नववर्षाची सुट्टी म्हणून एक महिन्याची बॅग भरून आले आणि परत जायला २०२३ चा मार्च उजाडला. मधली तीन वर्षं बार्शीच्या माळ्यावर बसून ऑनलाइन क्लास, नेट गेलं की गेलं. तो विषय इथे नको, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. हॉस्टेलमधलं सामान खोक्यात भरून ठेवलं होतं कुणीतरी, त्यात शेंगाचटणीचा तोच डबा निघाला, तीन वर्षांचा. तो मी ज्या काळजीनं कचऱ्यात टाकला तसे नमुने मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्येपण टाकले नसतील.

संध्याकाळी मागच्या गेटला गेले. झेरॉक्सवाला बंद. फळवाला आहे. हिरवी पाटी आहे, पण नवी, आणि आधीच्या पाटीवर एका कोपऱ्यात अरबी अक्षरं होती ती आता नाहीत. आत माणसं वेगळी. म्हणजे तेही ह्वालोंगचेच, आधीच्या मालकाच्या ओळखीतले, दुकान त्यांनी विकत घेतलं होतं. ही दुकानं अशीच फिरतात, गावातला एक उठतो, दुसरा बसतो. जुने कुठे गेले विचारलं तर म्हणाले छिंगहाईला, मग म्हणाले छिंगहाईला नाही, शेनझेनला. नक्की काय ते कळलं नाही. फोटो तेच, आणखी निळे झालेले. खुर्च्या त्याच. दर दोन-तीन युआननं वाढलेले, तुदोउस १४, टोमॅटो-अंडं १५, भाताचा मात्र दुसऱ्या वेळी एक युआन घ्यायला लागले होते.

नवा आचारी साखर जास्त घालतो. नूडल ओढणारा चांगला आहे पण आपटत नाही फार, आवाज येत नाही, मला तो आवाज पाहिजे. दापानजी मात्र नव्याची जास्त चांगली. दापानजी म्हणजे मोठ्या परातीएवढ्या ताटात चिकन-बटाटा रस्सा, मसाल्याचा, दालचिनी आणि चक्रीफूल घातलेला, बटाटा चक्क मऊ शिजलेला, आणि शेवटी उरलेल्या रश्शात रुंद नूडल आणून टाकतात. तेव्हा पाच जणांत ७० युआन. दिवाळीला आम्ही मराठी पोरं-पोरी सगळे तिथेच जमलो होतो. पाव्हणचार झाल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं दोघातिघांत हेच मागवावं.

तक्रारी भरपूर आहेत. तेल इतकं की भात संपल्यावर ताटलीत तळं उरतं. टेबल पुसायचं फडकं एकच, आणि ते टेबलापेक्षा मळकं. सिगारेट आतच ओढतात, समोर 'धूम्रपान नको' लिहिलंय त्याच्याच खाली बसून. टॉयलेट नाही, कॉलेजला परत पळा. दुपारी १२ ला वर्ग सुटतात तेव्हा गेलात तर बसायला मिळणार नाही, आणि बसलात तर पुढचा माणूस तुमच्या खुर्चीला टेकून उभा राहून तुमचे घास मोजतो. वाइमाईवर, म्हणजे घरपोच मागवलं, तर नूडल लगदा होऊन येतात, भाताचेच पदार्थ मागवा. ईदला बंद, चिनी नववर्षाला कधी चालू कधी बंद.

पण हिवाळ्यात जाऊन बघा. नानजिंगला सरकारी हीटिंग नाही, ते ह्वाई नदीच्या उत्तरेच्या लोकांना, आणि आम्ही दक्षिणेत पडतो, थंडी मात्र हाडात शिरणारी, ओली. हॉस्टेलच्या खोलीत जॅकेट घालून अभ्यास. अशा वेळी तो प्लॅस्टिकचा पडदा बाजूला करून आत गेलं की हंड्याची वाफ सरळ चष्म्यावर. दोन मिनिटं काहीच दिसत नाही. फक्त आवाज, कणकेचा, कढईचा, आणि कुणीतरी ओरडतंय काय खाणार.

माझे ५ पैकी ४. एक कापला तो साखरेसाठी आणि फडक्यासाठी अर्धा अर्धा. रूममेट म्हणतेय साडेतीनच दे, बीफचे काप अजूनही चारच येतात. तुम्ही गेलात तर 'पु याओ थांग' म्हणा, आवाज खालून वर न्या, आणि रस्सा आला तर बाजूला बसलेल्याला द्या.